सतरा एक आणि राहिलेला हातचा

अप्पा, काल अम्माने तुमचं बिंग फोडलं. कढीपत्त्याची पानं काढता काढता, मान वरही न करता ती एक वाक्य बोलून गेली, आणि त्यामागचं सगळं ऐकल्यावर मला गॅस बंद करून खाली बसावं लागलं. काय बोलली ते शेवटी लिहीन. नुसतं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना तुम्ही भोपळा द्यायचात आणि विचारायचात, "रीत कोठें आहे? उत्तर काय, शेजाऱ्याचंही असतं." तेव्हा आधी रीत. ती मी देवनागरीत लिहिते आहे, आणि तुम्हाला देवनागरी स्तोत्रापुरतीच वाचता यायची, हे मला ठाऊक आहे. तंजावरच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायचात तमिळमध्ये, वरच्या वर्गांना इंग्रजीत. घरी मराठी बोलायचात, आणि तीच मराठी कागदावर उतरवायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहायचात. मीही तशीच होते. पुण्याला बदली झाल्यावर इथली मराठी शिकले. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात "जेवण होलं कां?" असं विचारलं आणि सगळी खोली हसली. आता मी "झालं का" म्हणते, पण चिडले की अजून "होलं"च तोंडात येतं.

लहानपणी मला वाटायचं की संध्याकाळी दिवा लागला की प्रत्येक घरातला बाप खडू घेऊन जमिनीवर बसतो. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आपल्या घराची मधली खोली लाल सिमेंटची होती, पुसून पुसून गुळगुळीत झालेली. तुम्ही वेष्टीचं धोतर आवरून मांडी घालायचात आणि या भिंतीपासून त्या भिंतीकडे एका ओळीत सतरा एक काढायचात. मग डाव्या बाजूला एक भला मोठा आकडा, त्याच्याखाली त्याची दुप्पट, तिप्पट, अशी नऊपटीपर्यंतची उतरंड, आणि मग भागाकार सुरू. तो चालू असताना खोलीतून कोणी जायचं नाही. पाहुणे आले तर भिंतीला पाठ लावून, साड्या सावरत, एकामागून एक स्वयंपाकघरात सरकायचे. उंबऱ्याबाहेरची जमीन अम्माची आणि आतली तुमची, असा जुना करार होता. ती पहाटे तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडून कोलम काढायची, तुम्ही संध्याकाळी खडूने आकडे, आणि दोन्ही पुसायचं काम तिचंच. धनुर्मासाच्या मार्गळी महिन्यात तिचे कोलम मोठे व्हायचे. एकदा तिने मधल्या ओळीत सतरा ठिपके घातले, तर तुम्ही दारात उभं राहून बोटाने मोजलेत आणि म्हणालात, "अगो, हा तर माझा आकडा." ती म्हणाली, "ते ठिपके आहेत. पाय मागे घ्या."

एकापुढे एक, असे सतरा वेळा. या आकड्याला दुसऱ्या कुठल्या आकड्याने भाग जातो की तो अभंगच आहे, एवढाच तुमचा प्रश्न होता, आणि त्यावर तुम्ही संसार केलात. दोन एक, म्हणजे अकरा, फुटत नाहीत. तीन एक तीननेच फुटतात. पाच एकांना एक्केचाळीस लागतो, सात एकांना दोनशे एकोणचाळीस. अकरा एक तुम्ही लग्नाआधीच फोडले होतेत, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने. अम्मा सांगते की लग्नानंतर तुम्ही दोघं पहिल्यांदा एकटे बसलात तेव्हा तुम्ही तिला हीच बातमी दिलीत. तिला ती कुळातली काही मोठी गोष्ट वाटली, म्हणून तिने नमस्कार केला. तेरा एकांवर मात्र तुमचा कायमचा राग. ते त्रेपन्नने जातात. "एवढा लांब आकडा आणि त्रेपन्नपुढे लोटांगण," असं तुम्ही एखाद्या नालायक विद्यार्थ्याबद्दल बोलावं तसं बोलायचात. चौदा, पंधरा, सोळा एकांचे सारखे तुकडे पडतात, म्हणून ते आपोआपच फुटतात. मग आले सतरा, आणि ते हलेनात. तुम्ही तो आकडा जुन्या नावांनी म्हणायचात: एक मध्य, एक अंत्य, एक जलधि, एक शंकू, एक महापद्म, असं उतरत उतरत एक शंभर, एक दहा, एक. आत्याला ते स्तोत्र वाटायचं. ऐकू आलं की असेल तिथे ती हात जोडायची आणि संपल्यावर कानशिलं शिवायची.

तुमच्याकडे एक युक्ती होती. सतरा एकांना जो मूळ आकडा भागेल तो चौतीसच्या पाढ्यातल्या कुठल्या तरी आकड्याहून एकाने मोठा असणार, बाकीच्यांकडे बघायचंही कारण नाही. का, ते तुम्ही मला दोनतीनदा समजावलंत आणि मी दोनतीनदा मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी. त्यातून तीन, पाच, सातने जाणारे वगळून उरतील त्यांतल्या दोन, फार तर तीन आकड्यांनी तुम्ही रोज संध्याकाळी भागून बघायचात. सगळ्यांत शेवटी भागलेला आकडा देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा, आदल्या दिवशीचा पुसायचा. आपल्या घरात मुलांची उंची भिंतीवर नव्हती, तुमचा आकडा दारावर होता. मी शाळेत असताना तो पाच लाखांत होता, कॉलेजात गेले तेव्हा पंधरा लाख ओलांडून गेला. एकदा मी मावशीकडून कॅल्क्युलेटर आणला तेव्हा तुम्ही तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिलात आणि म्हणालात, "ह्याच्या तोंडात सतरा एक मावत नाहीत, आणि हें ते चावणार." मला तेव्हा तुमची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील संध्याकाळी टीव्ही बघायचे.

माझं कॉलेज संपल्यावर एक दिवस तुम्ही हलवा आणलात. सण नाही, वार नाही, कोणाचा निकाल नाही. संध्याकाळचा खडू हातातून ठेवलात, सदरा चढवलात, बस पकडून तिरुवैयारूला गेलात आणि गरम अशोका हलव्याची पानात बांधलेली पुडी घेऊन परत आलात. तूप पानातून सदऱ्यावर गळलं होतं. आत्याने संशयाने विचारलं, "कोणाचें काय होलं?" तुम्ही म्हणालात, "कोणाचें कांहीं नाही. हलवा ताजा होता." बारा-तेरा किलोमीटरवरचा हलवा ताजा आहे हे घरात बसून कसं कळलं, हे कोणी विचारलं नाही. मी दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखा खडू घेऊन खाली.

देशात तेव्हा नवं वारं सुटलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं दुकान निघालं, केबलच्या तारा गच्च्यांवरून लोंबू लागल्या, आणि जुन्या बसस्टँडजवळ भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा वर्ग उघडला. मी तिथे आधी शिकले, मग शिकवायला लागले. आणि त्या पिवळ्या दुकानातल्या फोनवर मला बेंगळुरूच्या कंपनीने कळवलं की या, नोकरी आहे. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात यायचं. आपल्या घराचं दार मात्र आत्याच्या ताब्यात होतं. तुमची ही थोरली बहीण लहान वयात विधवा होऊन माहेरी आली, आईबापामागे तिने तुम्हाला वाढवलं, शिकवलं, आणि तिच्यापुढे तुम्ही जन्मात कधी ब्र काढला नाहीत. तिने जेवताना जाहीर केलं, "लग्न होईना तोंवर मुलगी परगांवीं एकटी राहत नाही. पापनाशमचं स्थळ आलं आहे. शेत आहे, मुलगा शांत आहे." मुलगा शांत होता हे खरं. बघायला आले तेव्हा तो इतका सावकाश जेवला की बाकीच्यांचे हात पानावर वाळले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही रसमभात कालवत होतात.

मग तुम्ही तोंड उघडलंत, आणि जे बोललात ते ऐकून मला वाटलं, उघडलं नसतं तर बरं. "अक्का, मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. पण हिची मशीन फार शहाणी असं सगळे म्हणतात. तिने माझे सतरा एक फोडून दाखवावे. फोडले तर ही बेंगळूरास जाईल. नाही फुटले तर पापनाशम, आणि हिने मग तोंड उघडायचें नाही." आत्या खूश झाली. ते फुटत नाहीत हे ती वर्षानुवर्षं बघत होती. "शरी, ठरलं," ती म्हणाली, "देवासमोर सांगतें. फुटले तर हिची पेटी मी स्वतः भरीन. माझ्या भावाच्या हातून जें होलं नाही तें त्या डब्याला होतें कां?" अप्पा, त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला की मी हातही न धुता उठले. माझं आयुष्य तुम्ही सतरा रेघांना टांगलंत, असं अम्माला म्हणालेसुद्धा. आणि राग ओसरल्यावर दुसरंच सुचलं, ते जास्त वाईट होतं. मी हरले तर पापनाशम. पण जिंकले तर तुमचा आकडा, ज्याच्यापायी तुम्ही गुडघे झिजवलेत, तो मी एका दुपारी मोडून ठेवणार. अम्माला हेही सांगितलं. ती म्हणाली, "आधी फोड तरी."

पहिल्या दिवशी मीच आगाऊपणा करून तुम्हाला वर्गात घेऊन गेले. चपला बाहेर काढायच्या, म्हणून तुम्ही देवळात शिरावं तसे उजवा पाय आधी टाकून आत आलात, आणि एसीची थंडी बघून अंगावर शाल घेतलीत. माझे विद्यार्थी भोवती जमले, कारण त्यातल्या निम्म्यांना तुम्ही शाळेत मारलं होतं. मी ऐटीत कळ दाबली. क्षणभराने काळ्या पडद्यावर उत्तर आलं: सतरा एकांना भागणारा सगळ्यांत लहान आकडा, दोन. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, घातलात. "दोन," तुम्ही म्हणालात. "एकाने संपणारा आकडा दोनने जातो. छान. हें आम्हांस कोणी शिकवलंच नाही." मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी धडपडत आत काय झालंय ते पाहिलं, तर एवढा मोठा आकडा मशीनला नीट धरताच येत नव्हता. तिने तो जवळच्या सम आकड्यावर नेऊन ठेवला होता, सोळा एक आणि शेवटी दोन, आणि मग त्याला दोनने भागून मोकळी झाली होती. तुम्ही शाल सावरत खाली उतरलात आणि भांड्यांच्या दुकानदाराला, जो काही विचारत नव्हता, त्यालाही सांगितलंत. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. आत्या मला दोन पोळ्या वाढायची आणि विचारायची, "दोनच ना?"

पण त्याच दिवशी परत येताना तुम्ही मला कॉफी प्यायला नेलंत, हे मी लोकांना गोष्ट सांगताना गाळते. पितळी डबऱ्याच्या वाटीतली कॉफी उंचावरून पेल्यात ओतत तुम्ही म्हणालात, "तुझी मशीन अधाशी आहे गो. सगळा आकडा एकदम गिळूं बघते, म्हणून शेवटचा घास बिघडतो. मी कसा भागतो? हातात बाकी धरायची, शेजारीं एक उतरवायचा, भागायचें. राहील ती बाकी धरायची, पुन्हा एक उतरवायचा. माझ्या हातात कधी आठ अंकांहून जास्त असतें कां? आठ अंक तिला धरतां येतात कां?" मी म्हटलं, येतात. "मग तिला एक एक उतरवायला शिकव. आणि चौतीसचें विसरूं नकोस." मग कॉफी संपवून, फळकुटावर डबरा ठेवत, "दहा-बारा लाखांवर दमून बसूं देऊं नको तिला. दमणाऱ्याला कांहीं सांपडत नाही." मला वाटलं, तुम्ही जखमेवर मीठ चोळताय.

तरी मी तसंच केलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तुम्ही जमिनीवर करायचात तेच मी मशीनला ओळीने लिहून दिलं: बाकी धर, एक उतरव, भाग, बाकी धर, एक उतरव. सतरा एक संपले आणि बाकी उरली, तर पुढचा आकडा घे. ते लिहिताना मला तुमच्या तोंडची लय ऐकू येत होती. मग चहा मागवला, आणि तो निवायच्या आत पडद्यावर आकडा येऊन थांबला. वीस लाख एक्काहत्तर हजार सातशे तेवीस. बाकी शून्य. मी टाळी वाजवली, आणि मग देवघराचं दार आठवलं. त्या सकाळी देवघराच्या दारावर मी तुमचा आकडा पाहिला होता. तो एकवीस लाखांच्या पुढे गेला होता. म्हणजे या आकड्याने तुम्ही भागून चुकला होतात. म्हणजे तो तुमच्या हाताखालून गेला, आणि तुम्हाला, वर्गात पोरांचे हातचे लांबून ओळखणाऱ्या माणसाला, तो दिसला नाही. घरी जाताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले. सांगूच नये, मुकाट्याने पापनाशमला जावं, असंही एकदा मनात आलं. मग तो मुलगा आणि त्याचं पान आठवलं, आणि पाय भराभर घराकडे वळले.

मी आकडा सांगितला, तुम्ही ऐकलात. खडू घेतलात, दुपार असूनही. सतरा एक काढलेत, डावीकडे तो आकडा, त्याची नऊपटीपर्यंतची उतरंड. आत्या भिंतीला टेकून उभी, अम्मा स्वयंपाकघराच्या दारात, मी उंबऱ्यावर. पाच गेले, तीन गेले, सहा गेले. एक उतरवला, एक उतरवला. तुमचा आवाज शांत होता, खडू एकदाही अडला नाही. आज मला ते आठवतं आणि तेव्हाच का कळलं नाही असं वाटतं. शेवटचा एक उतरवलात तेव्हा खाली एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट आले होते. तुम्ही थांबलात. आत्याला भागाकार येत नव्हता, पण आकडे ओळखता यायचे. तिने डावीकडची उतरंड पाहिली, सातव्या ओळीवर बोट ठेवलं, मग उजवीकडे पाहिलं, आणि तिच्याच तोंडून निघालं, "अय्यो, दोन्हीं सारखेच की रे!" तुम्ही खाली शून्य काढलंत. मोठं, नीट, गोल.

आत्या बाईमाणूस होती पण शब्दाची पक्की. ती तशीच आत जाऊन माळ्यावरची पेटी काढायला लागली. जाता जाता देवघराच्या दाराकडे तिचं लक्ष गेलं. "हा आकडा तर मागेंच भागून होला असेल. तेव्हां बाकी कशी उरली रे?" तुम्ही आढ्याकडे पाहिलंत, मग अम्माकडे. "त्या दिवशीं हिने मधेच हाक मारली. नारळ फोडा म्हणाली. हातचा एक राहिला." आत्या अम्माकडे अशी वळली की काही विचारू नका. भागाकार चालू असतांना हाक? एवढी अक्कल नाही? अम्मा मिठाची गुळणी धरून उभी. मग तीही हळूच फडकं भिजवायला गेली. पुढे ते घरातलं म्हणणंच होऊन बसलं. चावी हरवली, दूध उतू गेलं, कोणाची बस चुकली, की तुम्ही म्हणायचात, "अम्माने हाक मारली असेल, हातचा राहिला." सगळे हसायचे. तुमचे जावई हसले, नातवंडं हसली. मीही हसले.

बेंगळुरूच्या बसमध्ये बसवताना तुम्ही मला खडूची पेटी दिलीत. "तेथल्या जमिनीवर उमटतो कां बघ." नाही उमटला, अप्पा. हॉस्टेलची जमीन पांढऱ्या ठिपक्यांच्या मोझेकची होती, तिच्यावर खडू काय आणि ठिपके काय. तुम्ही घरी एकोणीस एक सुरू केलेत, अडतीसच्या पाढ्यावर, आणि मला फोनवर बजावलंत, "मशीनला विचारूं नकोस. आणि विचारलंस तर मज सांगूं नकोस." मी विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा दारावर एक नवा आकडा होता, बराच पुढचा. बाराव्याला कोणीतरी दार धुतलं.

आता काल. लेकीच्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. पानं वाढून झाल्यावर लेक म्हणाली, आई, ती आजोबांची आणि मशीनची गोष्ट सांग. मी सांगितली, रंगवून सांगितली, ही गोष्ट मला पाठ आहे. दोनने जातो, तिथे त्या हसल्या. नारळाच्या हाकेवर सगळ्यांत जास्त. अम्मा खुर्चीत बसून ऐकत होती. त्या गेल्यावर ती माझ्याजवळ ओट्याशी येऊन बसली, कढीपत्ता पुढे ओढला आणि म्हणाली, "मी हाक मारलीच नव्हती."

मी विचारलं, म्हणजे? "म्हणजे काय? शून्य आलं होतं. तो हलवा आणला ना, त्या दिवशीं. मी भात लावून आलें तर हे खालीं असे बसलेले. मज म्हणाले, पुसून टाक. लगेच पुस. जन्मभर थांब, थांब म्हणणारा माणूस, म्हणून मी वाकून पाहिलं. खालीं शून्य. मी विचारलं, फुटला कां? तर म्हणाले, फुटला, पण कोणास सांगूं नकोस. आणि मग लहान मुलासारखे म्हणाले, आतां उद्यां काय करूं?" अम्माने चार पानं काढली. "मग म्हणाले, हलवा आणतो. दुसऱ्या दिवशीं पुन्हा बसले. मी म्हटलं, बसूं दे, मज काय. मग तुझें तें बेंगळूर आलं."

मी म्हटलं, अम्मा, आणि तू इतकी वर्षं ते बोलणं ऐकून घेतलंस? त्यांनी सगळ्या गोतावळ्यासमोर तुझ्यावर ढकललं आणि तू गप्प बसलीस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी दोनने भागलंय. "मग काय करायचें? अक्कांना कळलं असतें की हे आधींच फोडून बसले होते, तर पैज मोडली असती. तू पापनाशमला गेली असतीस. आणि मज तो मुलगा आवडला नव्हता. फार वेळ लावायचा जेवायला."

तेव्हा मी गॅस बंद केला. हसू आलं आणि त्याच्यातच रडू आलं, आणि अम्मा म्हणाली, कढीपत्त्यावर रडूं नकोस. अप्पा, तुम्हाला बहिणीला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तुम्ही असली पैज लावलीत जी हरणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मशीन तोंडावर पडली तेव्हा लोकांत मला हसलात, आणि मग कॉफी पाजून अख्खी रीत माझ्या हातात दिलीत. मी दमून मध्येच सोडेन म्हणून धाक वाटला, तर तेही सांगून ठेवलंत. आणि जो आकडा तुम्ही एकट्याने, खडूने, मशीन तंजावरात यायच्या आत फोडला होतात, तो मी फोडला असं जगाला वाटू दिलंत, वर हातचा चुकला अशी अपकीर्ती स्वतःच्या माथी घेतलीत. निम्मी अम्माच्या. मला तुमचा अभिमान वाटतो, हे मी तुम्हाला तुम्ही असताना कधी म्हटलं नाही. आपल्या घरात तसं कोणी म्हणत नसे. हलवा आणत असत.

हे पत्र कुठे पाठवणार? त्या खडूच्या पेटीत ठेवते. तीन खडू अजून शिल्लक आहेत. पण एक सांगायचं राहिलं. आज ऑफिसात एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता आणि नव्या पोरांनी तीच गोष्ट सांगायला लावली. खरी काय ते मला कालच कळलं होतं. तरी मी जुनीच सांगितली, नारळासकट, हातच्यासकट, आणि सगळे हसले. त्या गोष्टीत मी जिंकते, अप्पा, आणि मला अजून जिंकायला आवडतं.